सातव्या रकान्यातली आई

उमेदवार क्रमांक ४१. नाव: तुळजाराम राव, वल्द वेंकट राव. राहणार: तंजावर. वय: एकोणतीस वर्षे अकरा महिने. उंची: पाच फूट तीन इंच. छाती: फुगवून तेहतीस इंच, न फुगवता मोजू दिली नाही. ओळखीची खूण: डाव्या दंडावर देवी टोचल्याचे चार वण. मातृभाषा: मराठी. ती लिहिता येते काय: नाही. हल्लीचा हुद्दा: देवी टोचणारा, पापनाशम तालुका. शेरा: स्वभाव अस्थिर. तारेने धडधडीत खोटे कारण कळवून परीक्षेस गैरहजर (रकाना सातवा पाहावा). सार्वजनिक आरोग्याच्या खात्यास अयोग्य.

मद्रासच्या एका निवड समितीने १९०९ साली केलेले हे वर्णन उंचीपर्यंत बरोबर आहे.

‘अस्थिर’ हा शब्दही अगदीच चुकीचा म्हणता येत नाही. संध्याकाळी अख्खी गल्ली तिण्णैवर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, पाय सोडून बसायची. तुळजाराम उभा असायचा. जेवताना पानावर बसलेल्या माश्या मोजायचा आणि आकडा मोठ्याने सांगायचा. लग्नाच्या मांडवात शिरला की माणशी किती घनफूट हवा येते याचा हिशेब करी, आणि तो जमेना म्हणून जेवायच्या आधीच बाहेर येई. लोकांच्या परसात जाऊन विहीर आणि संडास यांच्यामधले अंतर पावलांनी मोजण्याची त्याला खोड होती. एका घरमालकाने त्याला चोविसाव्या पावलावर काठी घेऊन गाठले. तुळजाराम म्हणाला, “मारा, पण मोजून होऊ द्या.”

हे सगळे ज्यासाठी चालले होते तो कागद त्याच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेला होता. सॅनिटरी वर्ग, मद्रास. मग इन्स्पेक्टर. मग पदवी. मग, साधल्यास, विलायत. ‘साधल्यास’ दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिले होते. वर्गात जायला निवडीची परीक्षा होती आणि वय तिशीच्या आत लागे. पहिल्या वेळी तो इंग्रजी निबंधात गेला. दुसऱ्या वेळी तोंडी परीक्षेत घोड्यावर बसता येते काय असे विचारले आणि तो खरे बोलला. ही तिसरी वेळ, आणि वयाच्या मानाने शेवटची.

समोरच्या घरात कृष्णस्वामी राहायचा. तार ऑफिसात तो तारा पाठवायचा. त्याने एकदा विचारले, “ओय राव, मद्रासला जाऊन शिकणार तरी काय?”

“लोककल्याण,” तुळजाराम म्हणाला.

तमिळमध्ये कल्याण म्हणजे लग्न. कृष्णस्वामीने डोक्याला हात लावला. “सगळ्या लोकांचं? अय्यो, मग सांबाराची डाळ कोण शिजवणार?”

नोकरी नऊ वर्षांची झाली होती. ओल्या फडक्यात लसीच्या काचेच्या नळ्या गुंडाळून तो कालव्यांच्या बांधांवरून गावोगाव फिरायचा. तमिळमध्ये सुईला ऊसी म्हणतात. तालुकाभर त्याचे नाव ऊसीराव पडले होते. बायका त्याला पाहून पोरांना भाताच्या कणगीत लपवायच्या, आणि तो आधी कणगीच उघडायचा. अकरा हजार दंड त्याच्या हाताखालून गेले होते. घरातला एक दंड मात्र त्याला कधी सापडला नाही. तो भागीरथी आत्याचा.

आत्या म्हणजे बापाची बहीण. तुळजाराम दहा वर्षांचा असताना आई गेली, तेव्हापासून तिनेच त्याला वाढवले. टोचायचा विषय काढला की ती पदर दंडावर ओढून घ्यायची आणि देवीचा रोग आणणाऱ्या-नेणाऱ्या मारियम्मेचे नाव घ्यायची. “माझ्या दंडास हात लावशील तर बघ. पुन्नैनल्लूरची मारियम्मा बघून घेईल मज काय करायचं ते. तुझी पोथी तुजजवळ ठेव.”

तिसऱ्या वेळचा अर्ज तो भरत होता तेव्हा आत्या शेजारी तांदूळ निवडत होती. सातवा रकाना आला: माता, हयात की मयत.

“लिही की, आहे म्हणून.”

“आत्या, इथं आई विचारतात.”

“मग मी कोण? स्वयंपाकीण?”

“सरकारी कागद आहे, आत्या. खोटं लिहिलं तर नाव खोडतील.”

त्याने लिहिले: मयत, १८८९. आत्या सूप उचलून आत गेली आणि दोन दिवस बोलली नाही.

परीक्षा एप्रिलमधल्या एका सोमवारी होती. गाडी शनिवारची. गुरुवारपर्यंत पेटी भरून दाराशी ठेवलेली होती आणि तुळजाराम तिच्याभोवती येरझाऱ्या घालत साथीच्या रोगांचे प्रकरण पाठ म्हणत होता. आत्याला तीन दिवस ताप होता. शुक्रवारी सकाळी त्याची बायको जयलक्ष्मी कडुनिंबाचे डहाळे घेऊन आली आणि दाराच्या चौकटीला खोचू लागली.

“अहो,” ती हळूच म्हणाली, “आई आली.”

तो आत गेला. आत्याच्या कपाळावरचे ठिपके पाहायला त्याला दिवा लागला नाही.

तंजावरच्या मराठी घरांत त्या दुखण्याचे नाव घेत नाहीत. देवी घरी पाहुणी आलेली असते. फोडणी बंद, हजामत बंद, आणि दुखणाइताच्या डोक्यावर हळद-निंबाचे पाणी पडेपर्यंत बोलायचे ते एवढेच: आई आली. तमिळ घरांतही हेच, तिथे अम्मा येते. नऊ वर्षे परक्या घरांतून हे शब्द ऐकले की तुळजाराम वहीत एक इंग्रजी शब्द लिहायचा.

पेटी दाराशीच होती. तो तिच्यावर बसला, उठला, पुन्हा बसला.

“जा की अहो,” जयलक्ष्मी म्हणाली. “आत्यास मी बघते. मज तुम्हीच टोचलंय. तुम्हासही टोचलेलं आहे.”

“कपड्यांस कोण टोचलंय? पेटीस?”

आतून आत्याचा आवाज आला. “जा रे बा. तिसरी वेळ आहे. मी कोठे पळून जाते?”

तो परसापर्यंत गेला आणि परत आला. तिसऱ्या वर्गाच्या डब्यात माणसे किती, परीक्षेच्या खोलीत किती, त्यांतली टोचलेली किती, हे तो बोटांवर मोजत होता. ‘घरात अशी केस असल्यास घरच्या माणसांनी काय करावे?’ हा प्रश्न मागल्या दोन्ही परीक्षांत आलेला होता. त्याला उत्तर पानाच्या आकड्यासकट पाठ होते. या प्रश्नाचे बरोबर उत्तर परीक्षेला न जाणे हे होते, आणि या खेपेला ते लिहून दाखवायची सोय नव्हती.

शेवटी त्याने पेटी उचलून आत नेली.

आता मद्रासला कळवायचे होते. पण घरातला कागदही बाहेर जाता कामा नये. तेही त्याच पानावर होते. म्हणून तो उंबऱ्याच्या आत उभा राहिला आणि गल्लीपलीकडे ओरडला, “कृष्णस्वामी! मद्रासला तार करायची! परीक्षेस येता येत नाही म्हणावं. आमच्या घरी स्मॉ—”

मागून जयलक्ष्मीने धोतराचा सोगा इतका खेचला की शब्द तिथेच तुटला. समोर कृष्णस्वामीने दोन्ही हात वर केले. “कळलं राव, कळलं! शुक्रवार आहे, नाव घेऊ नका!”

तुळजारामने मागे पाहिले. आत्या कुशीवर वळून त्याच्याचकडे बघत होती.

“आई आली म्हणून कळवा,” तो म्हणाला.

कृष्णस्वामी तार ऑफिसात गेला. त्याला त्या रोगाचे इंग्रजी नाव येत होते. पण ते आपल्या बोटांनी तारेत घालायचे, शुक्रवारी, आणि वाटेत कुंभकोणम, वाटेत मायावरम, सगळीकडून ते जाणार. त्याने शब्दाला शब्द ठेवून इंग्रजी केले: आई आली आहे. हजर राहता येत नाही. तुळजाराम. मराठीत हे खरे होते आणि तमिळमध्येही खरे होते. इंग्रजीला ही आई ठाऊक नव्हती.

पुढचे तीन आठवडे तुळजाराम घराबाहेर पडला नाही. त्याने कपडे उकळले, वाकळा जाळल्या, भिंतींना चुना दिला. कृष्णस्वामीकरवी पहिल्याच दिवशी गावातला दुसरा टोचणारा बोलावून घेतला आणि आपण उंबऱ्यात उभा राहून त्याला हाका घातल्या: “सांबशिव माळ्यावर आहे! सुंदरी मोरीत! शिडी लावा! नाही, तो दंड दाखवतोय तो भावाचा, त्यास दुसऱ्यांदा टोचू नका!” गल्लीतल्या कोणाचीही लपायची जागा त्याला नवी नव्हती. तीन दिवसांत सगळे दंड झाले.

एकविसाव्या दिवशी आत्याच्या डोक्यावर पाणी पडले. ती वाचली. चेहऱ्यावर वण राहिले.

त्याच आठवड्यात मद्रासचे पत्र आले. उमेदवाराने आई आल्याचे कारण दिले आहे. अर्जाच्या सातव्या रकान्यात त्याची माता १८८९ साली मयत असल्याचे त्याने स्वतः लिहिले आहे. ती कशी आली याचा समितीस उलगडा होत नाही. तुळजारामने चार पानी खुलासा धाडला, सोबत घरात देवीची केस असल्याचा तालुक्याचा दाखला जोडला. उत्तर आले की दाखल्याची तारीख तारेनंतरची आहे, खुलासा तारेशी विसंगत आहे, आणि उमेदवाराची तिशी आता पूर्ण झाली आहे.

कृष्णस्वामी दोन दिवस समोर आलाच नाही. तिसऱ्या दिवशी रस्त्यातूनच म्हणाला, “स्पेलिंग तरी सगळं बरोबर होतं, राव.”

आत्याने पत्रात काय आहे ते विचारले. तुळजारामने सांगितले. तार काय गेली, तेही सांगितले. ती बराच वेळ सुपातले तांदूळ इकडून तिकडे करत राहिली.

“तारेत तरी खरं लिहिलंस,” ती म्हणाली.

तुळजाराम उठून उंबऱ्यात जाऊन उभा राहिला. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने तो पापनाशमला कामावर गेला, आणि पुढे बावीस वर्षे जात राहिला. पेटीच्या झाकणावरचा कागद त्याने काढला नाही, वाळवीने काढला.

मद्रासच्या फाइलीत ‘अयोग्य’ या शब्दाखाली तांबड्या शाईची दुहेरी रेघ आहे. तंजावरात त्या वर्षी देवीची साथ जुलैपर्यंत चालली. त्या गल्लीत आत्यानंतर कोणालाही देवी आल्या नाहीत.