विश्राममामांचं जाझ

चार जण एकत्र बसून वाजवायला लागले की गाणी कमी जमतात, किस्सेच जास्त. आमच्या पेणच्या बँडची बरीचशी गाणी मी विसरलो, किस्से मात्र पाठ!

गोष्ट नव्वदच्या दशकातली. विश्राममामा बोटीवरच्या बँडमध्ये ड्रम वाजवायचे. क्युबाकडच्या बंदरांतून ते दोन उंच ढोल आणि पेटीभर कॅसेटी घेऊन परतले. आल्या आल्या जाहीर केलं, "अमेरिकेची जुनी जाझ गाणी आपण क्युबाच्या ठेक्यात बसवायची!" मी ट्रम्पेटवर, रोह्याच्या कंपनीत शिफ्ट करणारा दिनेश सॅक्सोफोनवर. तोवर आम्ही दोघांनी फक्त वराती वाजवलेल्या!

*

पहिली तालीम माझ्या काकांच्या गणपतीच्या कारखान्यात. मामांनी ढोलावर हात टाकला आणि फळीवरच्या मूर्ती थरथरायला लागल्या. डोळे आखत बसलेले काका ब्रश हवेत धरून तसेच थांबले.

शेवटी म्हणाले, "विश्राम, बस कर बाबा! तुझ्या तालात आखले तर यंदा सगळे गणपती तिरळे निघतील!"

*

गडब गावात एका साखरपुड्यात माईकवाल्याने आमची ओळख करून दिली, "आता ऐका, विश्राममामांचं जहाज!"

तीन गाणी झाली. पुढे बसलेल्या आजी शेजारणीला विचारतात, "बाकी सगला वाजला. जहाज कंदी वाजनार गो?"

दिनेश म्हणाला, "ते मघाशीच बुडालं, आजी!"

*

रोह्याच्या कार्यक्रमाला मुंबईचे एक जाणकार आले होते. गळ्यात मफलर, तोही मे महिन्यात! संपल्यावर त्यांनी आम्हाला वीस मिनिटं उभं केलं. "तुम्ही ठेका बदललात. मूळ रचनेचा आत्माच हरवला."

मामांचा चेहरा उतरला. दिनेश शांतपणे म्हणाला, "हरवला नाय साहेब. येताना कासू स्टेशनला उतरला असेल. क्रॉसिंगला गाडी लय वेळ थांबते तिथं."

*

मग दिनेशच्या कंपनीत मशीन बसवायला खुद्द क्युबाचा एक इंजिनियर आला. त्याच्यासमोर वाजवायचं ठरलं. मामा महिनाभर हवेत!

या संगीताचा सगळा डोलारा दोन लाकडी टिपऱ्यांवर. आधी तीन ठोके, मग दोन. ते चुकले की सगळं कोसळलं. आदल्या दिवशी आमचा टिपरीवाला तापाने आडवा. मामांनी नाइलाजाने मामींना उभं केलं. मामी खाडीकाठच्या, माहेर मिठागरातलं. मामा सारखे बजावत होते, "तुला नाय जमायचं. नुसती माझ्याकडं बघून वाजव."

मामींनी एकदाही बघितलं नाही. लग्नात गाताना टाळ्या द्याव्यात तशा सहज टिपऱ्या दिल्या. दुसऱ्या गाण्यात मामाच चुकले. मामी ढळल्या नाहीत.

इंजिनियर तडक स्टेजवर आला. मामींपुढे झुकून इंग्रजीत म्हणाला, "बाई, तुम्ही आमच्या कुठल्या गावच्या?" मग मामांच्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्हालाही जमेल. प्रॅक्टिस सोडू नका!"

मामींना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी मामांना विचारलं, "काय बोलतोय वो तो?"

मामा म्हणाले, "जेवायला चला म्हणतोय."