गाडीचा मोतीबिंदू

निवृत्त ड्रायव्हरकाकांनी स्वतःचा मोतीबिंदू काढून घेतला, तेव्हा त्यांना गाडीचाही दिसला. पुढचे दोन्ही दिवे पार धुरकट झाले होते.

"काका, दिवेच बदला," मेकॅनिक म्हणाला.

"आधी तुझं डोकं बदल," म्हणून काका घरी आले.

बायको गेल्यापासून तिची अर्धी टूथपेस्ट बेसिनच्या फळीवर तशीच पडून होती. ती शेवटपर्यंत पिळून काकांनी ओल्या फडक्याने दिव्यांच्या काचा तासभर घासल्या. मग गाडीत शिरून बटण दाबलं आणि समोर येऊन उभे राहिले. तीस वर्षं दिवे दोघांनी मिळून तपासले होते, ती आत बटणापाशी आणि हे समोर.

दिवे लख्ख लागले होते.

"झालं गं, बंद कर आता," काका सवयीने म्हणाले.

दिवे चालूच राहिले.