आधी पाणी, मग नाव

आमच्याकडे पाहुण्याला नाव विचारायला बंदी आहे. हसू नका. सेमाडोहच्या थोडं अलीकडे, रस्त्याला लागून, आमच्या सहा खोल्या आहेत. वाघ पाहायला आलेली माणसं तिथे उतरतात, आणि वाघ न पाहता परत जातात. तिथे जेवल्याशिवाय आजवर एकाही माणसाला 'आपलं नाव?' असं कुणी विचारलेलं नाही. आधी पाणी, मग चहा, मग ताट. नाव त्यानंतर, तेही पोलिसांच्या रजिस्टरात लिहावं लागतं म्हणून.

हा नियम आमच्या बाबांचा. छप्पन साली आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा बाबा शाळेत होते. पुढे ते बांधकाम खात्यात लागले आणि परतवाड्याच्या वरचे जंगलातले रस्ते त्यांनी अक्षरशः पायांनी मोजले. वाटेत कुठे थांबले की घरमालक मोठ्या अगत्याने नाव विचारायचा. नावामागून आडनाव यायचं. आडनाव आलं की घरातला कप घरातच राहायचा आणि बाहेरच्या कोनाड्यातला कप खाली उतरायचा. हे सांगताना बाबांचा आवाज कधी चढला नाही. आम्ही दोघा भावांनी खोल्या बांधायला घेतल्या तेव्हा ते एवढंच म्हणाले, "पाहुना आला तं आधी पानी देजा. नाव पोट भरल्यावर."

दादाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, हे वाक्य कायद्यासारखं पाळलं. खोल्यांवर राहायचे दादा आणि वहिनी. मी अकोल्याला, जठारपेठेत बसून फोन घ्यायचो, गाड्या ठरवायचो आणि मुख्य म्हणजे बोलायचो. बोलणं हा माझा जोडधंदा आहे असं वहिनी म्हणते. जोडधंदा कशाला, तोच मुख्य आहे.

नाव घ्यायचं नाही म्हटल्यावर पाहुणा लक्षात कसा ठेवायचा? दादाची स्वतःची रीत होती. 'पातूर, पाच जण, बिनाकांदा.' 'दर्यापूर, दोघं, रोडगे दोनदा मागते.' त्याच्या वहीत अशी वाक्यं असत, आणि उरलेलं सगळं डोक्यात. तीन वर्षांनी एखादी गाडी दारात उभी राहिली की दादा काच खाली व्हायच्या आत म्हणायचा, "या, तुमच्या आईचे गुडघे कसे हायेत? त्याईले खालची खोली ठेवली." माणूस विरघळायचा. वाघ दिसला नाही तरी चालेल, आपण कुणाला तरी दिसलो, एवढ्यावर तो घरी जायचा.

मग एका दिवाळीच्या सुटीत अमरावतीचे चार जण आले आणि त्यांच्या मागोमाग अमरावतीचेच दुसरे चार जण. दोन्ही गटांना एकच खोली कबूल केलेली. दादा काउंटरमागे उभा होता आणि वहीच्या पानाकडे असा पाहत होता, जणू ते पान दुसऱ्या कुणी लिहिलं आहे. वहिनीने आपली स्वतःची खोली रिकामी करून दिली आणि वेळ निभावली.

मी म्हटलं, वहीचा दोष. नाव नसलेल्या वहीत दोन अमरावत्या एकमेकींवर चढणारच. दादा म्हणाला, "वही बरोबर होती लहान्या. मीच..." आणि पुढे बोलला नाही. ते अर्धं वाक्य मी तेव्हा ऐकलं नाही. मला ऐकायचं नव्हतं.

आता कबुली देतो. खोल्यांच्या बुकिंगचं सॉफ्टवेअर मी आणलं, ते धंदा वाढवायला नाही. त्या दिवाळीनंतर दादाच्या हातून आणखी दोन चुका झाल्या होत्या. दादाला काउंटरवरून अलगद बाजूला सारायचं, आणि बाजूला सारलंय हे त्याला कळूही द्यायचं नाही, असं माझं नाटक होतं. लेखक मी, दिग्दर्शक मी. टॅबलेट घेतला, खोल्या, गाड्या, जेवण, सगळं एका पडद्यावर. जंगलात नेट येतं न येतं. पण नोंदी टॅबलेटमध्येच साठत आणि कुणी सामान आणायला परतवाड्याला गेलं की तिथून एकदम माझ्या अकोल्याच्या पडद्यावर उतरत.

शिकवायला अकोल्याहून त्या कंपनीची एक मुलगी आली. हुशार, हसरी, आणि दादाला अजून न ओळखणारी.

"काका, इथे नाव टाका."

"नाव जेवल्यावर."

"अहो, नाव टाकल्याशिवाय पान पुढे जात नाही. ही लाल चांदणी दिसते ना? म्हणजे हे भरावंच लागतं."

"चांदनी असू दे नाई तं चंद्र. जेवल्याबिगर मी कोनाले नाव विचारत नाई."

"पण काका, फोनवर बुकिंग करणारा माणूस जेवणार कसा?"

दादा गंभीरपणे म्हणाला, "म्हनूनच तं त्यानं थांबलं पायजे."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. वहिनी आतून म्हणाली, "पोरी, तू आधी जेवून घे. मंग पाहू कोन हारते ते."

मुलगी जेवली, भरीत दुसऱ्यांदा घेतलं, आणि दादाने तिला तिचं नाव विचारलं. त्यानंतर तिची हार ठरलेलीच होती.

ती गेली आणि दादाने जुनी वही पडद्यावर चढवायला घेतली. एका बोटाने, पंधरा दिवस. बाबांचा नियम मोडायचा नाही आणि चांदणीचीही समजूत काढायची, म्हणून त्याने नावाच्या रकान्यात आपलं वर्णन भरलं. मला वाटलं, रमला. बरं झालं.

पुढच्या सोमवारी सकाळी अमरावतीहून एका निवृत्त प्राध्यापकांचा फोन आला. आवाज थंड.

"मला आपल्याकडून मेसेज आला आहे. वाचून दाखवू का?"

"अवश्य, सर."

"'नमस्कार, वाघ निघाला तवा झोपला होता. आपलं आरक्षण निश्चित झालं आहे.'"

मी खुर्चीत बसलो. सॉफ्टवेअर नावाच्या रकान्यात जे दिसेल त्याला नमस्कार घालत होतं, आणि त्या दिवशी त्याने पुढच्या महिन्यातल्या झाडून सगळ्या पाहुण्यांना नमस्कार घातला होता. 'नमस्कार, बिनाकांदा.' 'नमस्कार, रोडगे दोनदा मागते.' 'नमस्कार, बायको चांगली, हा कटकट्या.' या शेवटच्या गृहस्थांचा फोन आला नाही. त्यांच्या पत्नीचा आला, आणि त्यांनी एक दिवस वाढवून मागितला.

प्राध्यापक मात्र अडून बसले. "मी झोपलो नव्हतो. डोळे मिटून जंगल ऐकत होतो. कृपया दुरुस्ती करावी."

त्या मुलीला मी फोन केला तर तिला हसण्यातून बोलताच येईना. पण आठ दिवसांत तिने जे केलं, त्यासाठी मी तिला मानतो. कंपनीत भांडून तिने आमच्या पानावरची लाल चांदणी काढून घेतली. नाव आता कधीही भरा. दादाच्या वर्णनासाठी 'शेरा' म्हणून वेगळा रकाना केला, जो पाहुण्याला जात नाही. आणि फोन करून दादाला सांगितलं, "काका, पाहुणे जाताना त्यांना विचारून एक फोटो काढत जा. फोटो वर, शेरा खाली मोठ्या अक्षरात. पुन्हा आले की आपोआप समोर."

दादाला फोटो आवडला. "हे बरं झालं," तो म्हणाला. "नाव फाटकावरच्या फॉरेस्टवाल्याईले पायजे. आपल्याले तोंड पायजे."

त्यानंतर एकही खोली दोनदा दिली गेली नाही. सकाळी किती ताटं तिखट आणि किती फिकी, हे वहिनीला आदल्या दिवशी कळू लागलं. पावसाने रस्ता बंद झाला की एका वेळी सगळ्यांना निरोप. चार मोठ्या हॉटेलांकडे असतं ते सगळं आमच्या सहा खोल्यांकडे आलं. माझं नाटक यशस्वी झालं होतं. फक्त दादाची तब्येत त्या नाटकात बसेना. तो वहिनीला एकाच दुपारी तीनदा विचारू लागला, बाबा जेवले का? बाबांना जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती.

अमरावतीच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही. विसर वाढत जाईल, थांबणार नाही, असा त्याचा अर्थ होता. डॉक्टर बोलत असताना दादा त्यांच्या टेबलावरच्या पेनांकडे शांतपणे पाहत होता.

परतताना गाडीत वहिनी म्हणाली, "भाऊजी, यायले आता अकोल्याले घेऊन चला. पाहुन्यांसमोर यायची फजिती झाली तं मले पाहवनार नाई."

दादा पुढच्या सीटवर होता. मागे न वळता म्हणाला, "अकोल्यात मी काय करू? काउंटरवर हाये तोवर मी हाये. तिथून उठवलं तं मंग मी नुसता बिमार मानूस."

दादाला त्या खुर्चीवर ठेवायचं की उठवायचं, हे आम्हा दोघांवर आलं होतं. मी मनातून उठवायच्याच बाजूने होतो.

महिनाभराने मी खोल्यांवर गेलो, दादाचं सामान आवरायला म्हणूनच. नेमकी त्या दुपारी पातूरची मंडळी आली. सात वर्षं येणारी, दादाच्या लाडाची. गृहस्थ हात पसरून आत शिरले, "दादा! ओळखलं का?"

दादाच्या चेहऱ्यावर काहीही उमटलं नाही. कोरी भिंत. मी विंगेतून धावल्यासारखा पुढे झालो, शब्द पुरवायला. दादाने मला पाहिलं आणि काउंटरखालून, कुणाला दिसणार नाही असा, तळहात आडवा केला. थांब.

मग त्याने सावकाश पाण्याचा तांब्या पुढे केला. "आधी पानी घ्या." ते पाणी पीत होते तेवढ्या वेळात त्याने टॅबलेटवर नजर टाकली. फोटो. फोटोखाली त्याचेच, एका बोटाने टाइप केलेले शब्द. त्याने मान वर केली.

"पोरगी लय मोठी झाली बाप्पा. कांदा आजबी बंदच हाये ना?"

गृहस्थ खूश होऊन हसले. स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली वहिनी आत वळली. थोड्या वेळाने तिने वेगळं पातेलं चुलीवर चढवल्याचा आवाज आला, बिनाकांद्याचं.

मी दादाला बाजूला सारायला आणलेल्या यंत्रात दादाने स्वतःला भरून ठेवलं होतं, हे मला त्या दुपारी कळलं. आपण विसरत चाललोय हे अर्धं वाक्य सोडलेल्या त्या दिवसापासून त्याला ठाऊक होतं. तो पंधरा दिवस रमला नव्हता, घाई करत होता.

संध्याकाळी वहिनी म्हणाली, "राहू द्या यायले इथंच. जोवर वाचता येते तोवर." मी सामान पुन्हा कपाटात लावलं.

याला आता दोन वर्षं होतील. दादा काउंटरवर आहे. तो शेरे लिहीत नाही, वहिनी लिहिते, आणि ती त्याच्यापेक्षा कडक लिहिते. प्राध्यापक दर हिवाळ्यात येतात. त्यांच्या शेऱ्यात 'डोळे मिटून जंगल ऐकते' अशी दुरुस्ती दादाने स्वतः शेरे लिहायचा तेव्हाच केली होती.

गेल्या महिन्यात टॅबलेट जुना झाला म्हणून वहिनीने त्यातल्या साठलेल्या सगळ्या नोंदी परतवाड्याहून पुढे पाठवल्या. अकोल्यात पडद्यावर त्या एकामागून एक उतरू लागल्या. त्यात एक नोंद होती, दादाने मुद्दाम टॅबलेटमध्येच राखलेली, कधीही पुढे न पाठवलेली. फोटो माझा. बोलताना, तोंड उघडं. खाली मोठ्या अक्षरात:

'अकोला, एकटा. लहाना भाऊ हाये. चहात साखर दोन. लय बोलते. बोलू द्यावं.'

मी पडदा बंद केला. मग पुन्हा उघडला. दुसऱ्या दिवशी गाडी काढली.

मी आत गेलो तेव्हा दादा खुर्चीवर होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ. मग मान खाली घातली, बोट पडद्यावरून सावकाश सरकलं, थांबलं. त्याने तांब्या पुढे केला.

"या. बसा. पानी घ्या."

जन्मभर त्याने मला 'अबे लहान्या' म्हटलं आहे. मी बसलो. पाणी प्यायलो. चहा आला, साखर दोन चमचे.

"बोला," दादा म्हणाला आणि हनुवटीखाली हात ठेवून ऐकायला बसला.

मी बोललो. प्राध्यापकांचा किस्सा सगळे आवाज काढून सांगितला, कटकट्याच्या बायकोचा सांगितला, लाल चांदणीचा सांगितला. तो बरोबर जागांवर हसला. वहिनीने ताटं वाढली. दादाने माझ्या ताटात स्वतःच्या हाताने ठेचा वाढला.

नाव त्याने विचारलं नाही. आमच्याकडे ते जेवण झाल्यावर विचारतात. त्या दिवशी मी ताटावरून लवकर उठलोच नाही.