स्वीडनचे शब्द अन् दिनेशभाऊचा फोन

शुद्धलेखनाच्या चुका होतील, त्याची आधीच माफी मागतो. माझी शाळा नववीत सुटली, म्हणून शब्दही साधेच आहेत. पण ऑनलाइन सेंटरात काम केलं की किस्से आपोआप साचतात. माणूस एक फॉर्म भरायला येतो अन् अर्धं घर सांगून जातो! आमच्या बालाघाटच्या सेंटरातले खरे किस्से मात्र मालकाच्याच घरचे आहेत.

मालक म्हणजे सुनीलभाऊ. त्यांची बहीण वैशालीताई मलाजखंडच्या खाणीत शिकाऊ इंजिनिअर होती, आता स्वीडनला असते. इंटरनेटमुळे तिकडच्या भाषेत जे नवीन शब्द आले, ते ती घरच्या ग्रुपवर पाठवते. त्यांच्या आईजवळ स्वतःचा मोबाइल नाही. मी त्यांना मावशी म्हणतो. त्या दुकानात येतात, मी वाचून दाखवतो, त्या बोलतात ते माझ्या फोनवरून टाइप करतो. म्हणून मीही त्या ग्रुपात आहे.

*

पहिला शब्द आला स्नाबेल-आ. ईमेलमधला तो गोल ए. अर्थ, सोंडवाला ए!

"बरोबर त आहे, हत्तीच दिसते!" सुनीलभाऊ म्हणाले. तेव्हापासून दुकानात त्याला हत्तीच म्हणतात.

लामत्याचे एक काका ईमेल सांगत होते. मी हत्ती टाकला. काका स्क्रीनकडे पाहत राहिले.

"याची सोंड तिकडे काहून? गिऱ्हाईक त इकडे बसलं आहे!"

*

मग आला पद्दा. म्हणजे बेडूक. तिकडे टॅबलेटला म्हणतात.

किरनापूरची एक आजी पेन्शनसाठी हयातीचा दाखला काढायला आली होती. चेहरा जुळवायचा होता. सुनीलभाऊंनी टॅबलेट पुढे धरला. "आजी, या बेडकाकडे पाह्य अन् डोळे मिचकाव."

आजीनं दहा वेळा मिचकावले. दहाही वेळा लिहून आलं, चेहरा नहीं मिला.

आजी म्हणाली, "मी आहो का नाही, हे त्याले काहून विचारून राह्यला? मले विचार नं!"

आम्ही दोघं हसलो. आजी हसली नाही.

*

आता दिनेशभाऊचं सांगतो. मावशींचा मोठा मुलगा. दोन वर्षांपूर्वी वैनगंगेत पोहायला गेला अन् बुडाला. फोन घरी चार्जिंगला लावून गेला होता. फोन राहिला.

त्याचा पिन कोणालाच माहीत नाही. फोन बंद पडला तर पुन्हा सुरू करताना पिन मागेल, अन् पिन दिल्याशिवाय मेसेज येणार नाहीत. म्हणून मावशींनी तो दोन वर्षं बंद पडू दिला नाही. घरची लाइट गेली की पदराखाली घेऊन आमच्या इन्व्हर्टरवर येतात.

"दिन्याले भूक लागली, लाव बाप्पा."

ग्रुपवर मेसेज टाकला की दोन टिक येतात, म्हणजे सगळ्यांना पोचला. सगळ्यांनी वाचला तरच त्या निळ्या होतात. दिनेशभाऊचा नंबर अजून आमच्या ग्रुपात आहे, म्हणून तिथं कधीच होत नाहीत. मावशींना दोन पुरतात.

*

एकदा वैशालीताईनं पाठवलं, नेतवांद्रारे. नेटवर फिरून एकट्या पडलेल्या पोरांची विचारपूस करणारी माणसं.

मावशींनी ते मला पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, "लिही. आमचा एक तिकडेच आहे. दिसला त जेवला का विचारा म्हणा."

मी लिहिलं. वैशालीताईचं चार दिवस उत्तर नाही.

पाचव्या दिवशी शब्द आला, डोड्सबू. मेलेल्या माणसाचं मागे राहिलेलं सगळं. आता नेटवरच्या गोष्टींसाठीही म्हणतात. खाली लिहिलं होतं, "आई, इथले लोक तेही नीट आवरून बंद करतात. आपणही करूया."

सुनीलभाऊ हळूच म्हणाले, "बरोबर बोलून राह्यली ते."

"बंद करतेत?" मावशींनी विचारलं. "अन् आत असला त?"

*

मागच्या महिन्यात मावशींच्या डोळ्याचं ऑपरेशन गोंदियाला होतं. सुनीलभाऊ सोबत गेले. जाताना मावशींनी दिनेशभाऊचा फोन माझ्या हाती दिला. "बंद पडू देजो नोको."

"हौ, मावशी."

दुपारी एका गिऱ्हाइकानं त्या फोनचा चार्जर काढून आपला लावला. आमच्याकडे लोक असंच करतात, विचारत नाहीत. मला दिसलं. "भाऊ, तो काढू नका" एवढंच म्हणायचं होतं. तोंडातून निघालं नाही. आधीच जुनी बॅटरी. तो गेल्यावर पाहिलं तर स्क्रीन काळी.

दहा मिनिटांनी सुनीलभाऊंचा कॉल आला. "आईचा डोळा चांगला झाला. दिनेशले सांग म्हणते."

मी ग्रुपवर टाइप केलं, "दिनेशभाऊ, मावशीचा डोळा चांगला झाला." एकच टिक आली. येणारच होती. बंद फोन माझ्यासमोर टेबलावर होता. मी त्याच्याकडेच पाहत होतो.

दुसरी टिक आली.

मग दोन्ही निळ्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं नाही. पहिल्या गाडीनं गोंदियाला गेलो, बंद फोन मावशींच्या हातात ठेवला अन् दोन्ही गोष्टी सांगितल्या, तो माझ्यामुळं बंद पडला ते अन् टिक निळ्या झाल्या ते.