धुक्याच्या वहीची चौकशी

हिवाळ्यात सकाळी धुकं दिसलं की ती घटना मला आजही आठवते. तेव्हा मी गोसीखुर्द धरणाजवळच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. नाव कुणाचंच सांगणार नाही. चूक माझी होती, एवढं मात्र सांगतो.

पुनर्वसित गावाच्या पोलीस पाटलाचा फोन आला. "साहेब, एक पोरगी रोज उजाडता पाण्याच्या काठावर उभी राहून वहीत आकडे लिहून राहिली. नकाशेबी हायेत जी तिच्यापाशी."

धरणाचं नाव निघालं की आमचे कान टवकारतात. पथक तिच्या घरी गेलं, पंचनामा झाला. वही आणि नकाशे असलेलं एक जाडं पुस्तक जप्त झालं. मोहोर लावून दोन्ही वस्तू मुद्देमालाच्या कपाटात गेल्या आणि मी समाधानाने चहा मागवला.

दुपारी ती मुलगी वडिलांबरोबर ठाण्यात आली. वय बावीसच्या आसपास. वडील जलाशयात मासे धरणारे. महिला शिपायाला शेजारी बसवून मी चौकशी सुरू केली.

"काठावर रोज काय लिहितेस?"

"धुकं, वारा, किती दूरवर दिसते ते. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याची लेखी परीक्षा हाये जी. हवामानाचा पेपर नऊ दिवसांवर आला."

मला हसू आलं. खोटं बोलणारा माणूस सहसा पटेल असंच बोलतो. हे तर कुणालाच पटलं नसतं. खरं म्हणजे तिथेच मी थांबायला हवं होतं.

वडील हात जोडून म्हणाले, "गुन्हा लिहिला तर पुढं परवान्याच्या पोलीस पडताळणीत अडकन जी. लय मेहनत केली तिनं."

मुलगी मात्र वेगळंच बोलली. "साहेब, चौकशी करा. पण मले ते पुस्तक पायजे."

"घरी आणखी आठ पुस्तकं आहेत असं पंचनाम्यात आहे. ती वाच."

"ते तर मी बाजूला टाकले जी. त्यात उत्तरं हायेत, कारण नाही."

मग तिने सांगितलं. कुणाकुणाची जुनी मागून तिने नऊ पुस्तकं जमवली होती. प्रत्येकाला तिचा एकच प्रश्न होता, कारणाचा: आमच्या पाण्यावर धुकं काहून पडते आणि काहून उठते, हे समजावतं का? ती रोज काठावर पाहायची, लिहायची आणि घरी येऊन पुस्तकाशी ताडायची. आठ नापास झाली. आमच्या शिपायाने नेमकं पास झालेलं, हवामानाच्या नकाशांचं, तेवढं उचललं होतं.

पोलिसाचा स्वभाव, मी तरीही अडलो. "मग सांग, उद्या धुकं पडेल?"

ती व्हरांड्यात जाऊन आभाळ बघून आली. "आज वारा नाही, ढग नाही. सहाच्या आधी येईल. सूर्य निघाल्यावर लगेच उठणार नाही; कोवळ्या उन्हानं हवा हलते, त्यानं उलट अजून दाट होईल. मंग साडेआठच्या आसपास उठेल."

ऊन पडल्यावर धुकं वाढतं, हे मी जन्मात ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या सकाळी जीप घेऊन मी काठावर गेलो. बापलेकी आधीच आल्या होत्या. पाणी पांढरं होऊन गेलं होतं. सूर्य वर आला आणि धुकं खरंच दाटलं. दहा हातांवरचा मासेमारीचा डोंगा दिसेनासा झाला. साडेआठला पाच मिनिटं असताना पलीकडचा काठ दिसू लागला. इतकी वर्षं त्या पाण्यावरून मी गस्त घातली, पण ते पाहिलं तिनेच. मी टोपी काढून हातात घेतली.

साप साप म्हणून आम्ही भुई धोपटली होती. त्याच सकाळी दोघांना ठाण्यात आणून मी पुस्तक आणि वही परत करायला काढली. पावतीवर सही करण्याआधी तिने पंचनामा मागितला, दोनदा वाचला आणि हळूच विचारलं, "साहेब, काय नेलं ते सगळं लिहिलं हाये. काहून नेलं, ते कुठं लिहिलं?"

लिहिलंच नव्हतं. तिने बाजूला टाकलेल्या पुस्तकांसारखाच होता आमचा कागद.

ती तो पेपर पास झाली, हे वडिलांनी पुढे ठाण्यात येऊन सांगितलं. त्यानंतर निवृत्तीपर्यंत माझ्यासमोर आलेल्या प्रत्येक पंचनाम्यात मी आधी कारण शोधलं. त्या दिवशी मात्र मी स्टेशन डायरी ओढली आणि तिच्यासमोरच लिहिलं: जप्तीचे कारण, प्रभारी अधिकाऱ्याने विचारले नाही.