भियाले आणाले यवतमाळले गेलतो

आमच्या तांड्यातल्या ज्या पोरींनी यवतमाळ अजून पाह्यलं नाई, त्यांच्यासाठी हे लिहून राह्यली. मी पाचवीपर्यंतच शिकली, म्हणून अक्षराले हासू नोका.

जायचं ठरलं ते भियाच्या कार्डानं. भिया म्हणजे माहा मोठा भाऊ रामधन. तो यवतमाळच्या कॉलेजात इंटरले हाय, आन तिथं त्यानं फ्रेंच घेतली. काहून घेतली ते घरात कोनालेच समजलं नाई. घरात वाचता मलेच येते, म्हणून कार्ड मीच वाचलं: "बाईंनी माहा निबंध तीनदा वापस केला. शनिवारी चौथ्यांदा बी तसाच निघाला तं फ्रेंचमधून नाव कमी होईल. माह्याच्यानं होत नाई. मले घेऊन जा."

याडी, म्हणजे आमची माय, चुलीपाशी बसली होती. तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. बापूनं खुंटीवरचा दोर काढला, भियाची ट्रंक बांधाले. मले म्हने, "तू बी चाल. पाट्या वाचाले."

घरी पाहुणा आला का मी कोठीमागं लपतो. अन् मीच निघाली.

तांड्याहून राळेगाव पायी दोन कोस. तिथून सकाळची यष्टी धरा, दुपारची भरून येते. माणशी दीड रुपया पडला. खिडकीजवळ बसा. कापसाच्या गाड्या जिनिंगले जाऊन राह्यल्या होत्या, अन् रस्त्यानं बाभळीच्या काट्याकाट्याले कापूस अडकला होता. जसं झाडालेच बोंड फुटलं. कळंबले गाडी थांबते. तिथं आलूबोंडा चांगला भेटते, पण गाडीकडं नजर ठेवून खा.

बाजूच्या बुढीनं बापूच्या हातातला दोर पाह्यला. "बैल घ्याले चालले काय, बावाजी?"

"नाई माय. पोराले आणाले."

"काहून? नापास झाला?"

"त्याले फ्रेंच येत नाई म्हणते."

"मंग नसल येत," बुढी म्हने. "माह्या नातवाले नाकच पुसता येत नाई."

बापू हासला. तांड्यापासून पह्यल्यांदाच.

यवतमाळ उंचावर हाय, थंडी लागते, घोंगडं न्या. मुक्कामाले धर्मशाळा चांगली, पाणी आंगणातच. कॉलेजचं होस्टेल तिथून एवढंसं दूर, पण पोरींना आत जाऊ देत नाई. भिया बाहीर आला अन् आम्ही तिघं निंबाखाली बसलो. तो वाळला होता. बापूनं दोर मांडीखाली सरकवला.

भियानं वह्या दाखवल्या. निबंध होता 'माझ्या घरची सकाळ'. फ्रेंच अक्षरं इंग्रजीसारखीच दिसतात, पण काही काहींच्या डोक्यावर टिकल्या असतात. प्रत्येक ओळीखाली बाईंनी पेन्सिलीनं मराठीत एकच लिहिलं होतं: हे तू पाहिलंस का?

"काय लिव्हलं तू?" मी इचारलं.

"बाप पेपर वाचते. आई कॉफी ओतते, पावाले लोणी लावते."

"कोनाची आई?"

तो खाली पाहू लागला. "पुस्तकातली. तांडा लिव्हला तं पोरं हासतीन. बाईंनी इचारलं, घरी कोणती भाषा बोलता? मी मराठी सांगतली."

आम्ही बंजारे, घरी आमची गोरबोलीच बोलतो. मले वाटलं बापू आता चिडते. बापूनं निंबाची काडी मोडली. म्हने, "तुह्या आज्याचा बाप बैलावर मीठ लादून जाये. दहा मुलखाच्या बोल्या शिकला, मीठ इकाले. घरची बोली कोनापासून लपवली नाई त्यानं." मंग उठला अन् चहा प्याले गेला. दोर तिथंच राह्यला.

भिया मले म्हने, "याडी बाटी कशी करते ते सांग." बाटी म्हणजे आमची ज्वारीची भाकर.

"तुले मालूम नाई?"

"खाल्ल्या. पाह्यल्या नाई."

मले लोकांसमोर बोलता येत नाई, पण हातानं येते. निंबाखालच्या गोट्यावर मी थापून दाखवली. पह्यले याडी बांगड्या कोपराकडं सारते. गरम पाण्यानं पीठ रगडते, तळहाताच्या टाचेनं. थापतानी बांगड्या वाजतात, त्याच्यानं आम्ही उठतो. पह्यली बाटी लहान करते, ते बैलाची. मी गोरबोलीत सांगे, तो तसाच फ्रेंचमधी लिहे. मधी मराठी आणलीच नाई. पाव खोडला. बाटीले त्याईच्यात शब्द नाई, तं त्यानं बाटीच ठेवली अन् ते कशाची असते ते लिव्हलं. एक ओळ चारदा खोडली. टाका चुकला का मी बी उसवतो, म्हणून मी उगीच बसली, घाई केली नाई. दिवा लागाच्या टायमाले निबंध झाला.

दुसऱ्या दिवशी शनिवार, अकराले वर्ग. आम्ही व्हरांड्यात उभे होतो. बाई आल्या, जाड चष्मा, सुती लुगडं. मले म्हनल्या, "तू बहीण ना? आत ये. बाहेर उभी राहिलीस तर तो दाराकडेच पाहील." मागच्या बाकावर बापू अन् मी. बापूनं टोपी काढून मांडीवर ठेवली.

वर्गात सहाच पोरं. ज्यानं लिव्हलं त्यानंच उभं राहून वाचाचं, असा बाईंचा नियम. भिया वाचू लागला. मले एक अक्षर समजलं नाई. मी बाईंकडं पाहात होती. पह्यले त्या पेन्सिल घेऊन बसल्या होत्या. मंग पेन्सिल खाली ठेवली. मंग त्याईचा हात टेबलावर हळूहळू थापू लागला.

मले समजलं, आता भाकर चालू हाय.

वाचून झालं. कोनी हासलं नाई. एक चष्मेवाला पोरगा म्हने, "पहिली बैलाला का?"

भियानं बापूकडं पाह्यलं. बापू बसूनच म्हने, "आधी कोन राबते?"

बाई म्हनल्या, "शेवटची ओळ खोड. 'मला माझं घर फार आवडतं.' ते आम्हाला आधीच कळलंय. क्रियापदं सात ठिकाणी चुकली आहेत. सोमवारी दुरुस्त करून आण."

बापूनं माह्या कानात इचारलं, "सोमवारी? म्हणजे राह्यला काय हा?"

"राह्यला," मी म्हनलं.

निघतानी बाईंनी मले एक कोरी वही देली. हे तिच्यातच लिहून राह्यली. सांजच्या गाडीनं वापस आलो. दोर बापूच्या खांद्यावर होता, अन् तो मोटरस्टँडवर सगळ्याईले उगीच रामराम करून राह्यला होता.

याडी वाट पाहात होती. दोघंच दिसलो तं तिनं पदरानं तोंड पुसलं. मंग इचारलं, "काय लिव्हलं त्यानं?"

"तुही बाटी."

"त्याच्यात काय लिव्हाचं?"

पण सकाळी तिनं मले चुलीपाशी बसवलं. बांगड्या वर सारल्या, थापाले लागली, अन् मधीच हात थांबवला. "कड फुटली का मी पाण्याच्या बोटानं जोडतो. हे लिव्हलं काय?"

"नाई. मले आठवलंच नाई."

"मंग काय लिव्हलं? लिहून धाड त्याले."

कार्ड लिव्हलं हाय. उद्या राळेगावले जाऊन मीच टाकतो.