हेरिकनाझचा नवस

आमच्या सेवान सरोवराच्या काठच्या गावांत चार मुलींनंतर पाचवी झाली की तिचं नाव हेरिकनाझ ठेवायचे. ‘आता पुरे’ असा त्याचा भाव. मी सांगतोय ती हेरिकनाझ पाचवीच. नाव लागू पडलं म्हणायचं, कारण तिच्या पाठीवर भाऊ झाला, मुशेघ, आणि त्याला जणू तिनंच आणलं अशा तोऱ्यात तिनं त्याला कडेवर वाढवलं.

मुशेघ कवी झाला. राजधानीत, येरेवानात, लेखकांचा संघ स्थापन झाला तेव्हा पहिल्या सभासदांत तो होता. संघानं सरोवराकाठी लेखकांसाठी विश्रांतिगृह चालवायला घेतलं, तेव्हा त्यानं बहिणीला तिथं स्वयंपाकाला लावलं. तिला वाचता येत नसे. पण संघात कुणाचं चाललंय, कुणाचं बिनसलंय, हे तिला जेवणाच्या टेबलावरून कळे. कोण कुणाशेजारी बसतो, कुणाचा पेला कोण भरतो. सदतीस साली सरकारनं धरपकड सुरू केली आणि खुर्च्या रिकाम्या होऊ लागल्या. कुणी काही विचारत नव्हतं. तीही मुकाट्यानं कमी ताटं मांडू लागली. त्याच शरदात मुशेघला नेलं. चुलीपाशी उभ्या उभ्या ती नवस बोलली, ‘जिवंत परत येऊ दे, मेंढा देईन.’

कैद्यांच्या छावणीतून मुशेघ आला तो पंचावन्नच्या वसंतात. बहिणीच्या घरी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायचा. खोकायचा. संघात परत घ्यावं म्हणून त्यानं अर्ज केला होता. सभासदत्वाशिवाय ना पुस्तक छापणार, ना येरेवानात खोली मिळणार. उत्तर येत नव्हतं.

मी तेव्हा होडी चालवायचो आणि त्या स्वयंपाकघराला मासे पुरवायचो. एका सकाळी हेरिकनाझनं मला दाराशी अडवलं.

“ओहान, नवस फेडायचाय.”

“मग फेड की. मेंढा मी बघतो.”

“बघशील रे. वाटू कुठं? सात घरी द्यायचा म्हणजे सात तोंडं झाली. सरकारला देवधर्म खपत नाही. त्यातलं एक जरी वर जाऊन बोललं, ‘कवीची बहीण देवाला मेंढे कापते’, की अर्ज बुडाला.”

“मग थांब. अर्जाचं होऊन जाऊ दे.”

“थांबू? ऐकतोयस ना त्याचा खोकला? देवाचं देणं डोक्यावर ठेवून भावाचं भलं मागू? कुठल्या तोंडानं?”

वाटायचं कुठं, तेही तिनंच शोधलं. त्या रविवारी मुशेघच्या अर्जाची विचारपूस करायला संघाच्या समितीची माणसं विश्रांतिगृहात येणार होती. तिथं आधीच उतरलेले धरून टेबलावर सात जण होत होते. सात घरची सात माणसं. जेवणात मटण होतंच.

“ताई, तुझं डोकं फिरलंय. मुशेघचा निकाल ज्यांच्या हातात, त्यांनाच नवसाचं मटण वाढणार?”

“शहरातली माणसं ती. त्यांना काय कळतंय! खातील, ढेकर देतील, जातील.”

आमच्या गावच्या म्हाताऱ्या पाद्रीबाबांनी मीठ मंत्रून दिलं, आणि लगेच दार लावून घेतलं. मी मेंढ्याला ते मीठ चाटवलं आणि पहाटे खडकाआड कापला. नवसाचं मटण नुसत्या पाण्यात शिजतं. त्यात मीठ तेवढं पडतं. कांदा नाही, मिरी नाही, पाला नाही. शिळं ठेवायचं नाही. आणि ज्याच्या घरचा नवस, त्यानं त्यातला घास खायचा नाही.

ही शेवटची गोष्ट तिच्या ध्यानात होती, पण तिला वाटलं होतं, मुशेघला जेवणानंतर बोलावतील. त्याला त्यांनी जेवायलाच बोलावलं.

मी मासे घेऊन स्वयंपाकघरात होतो. दाराच्या फटीतून सगळं दिसत होतं. समितीचा मुख्य त्सातुर म्हणून होता, मानेनं जाड, बोलायला गोड. त्यानं मुशेघला शेजारी बसवलं. वाढणाऱ्या पोरीनं सगळ्यांबरोबर त्याच्यापुढंही ताट ठेवलं. मुशेघनं वास घेतला. मांडीखालचे हात वर आलेच नाहीत.

“खा ना, मुशेघ जान,” त्सातुर म्हणाला. “बहिणीच्या हातचं आहे. का तिकडच्या पातळ सुपाची सवय मोडवत नाही?”

टेबलावरचे दोघं हसले. मुशेघ म्हणाला, “खातो.” आणि तसाच बसून राहिला.

हेरिकनाझ माझ्याजवळ उभी होती. टॉवेलाला पीळ घालत होती.

“खाऊ दे त्याला,” मी कुजबुजलो. “देव समजून घेईल.”

“देव घेईल. मी नाही घेणार.”

“अगं, पण हे बघतायत त्याच्याकडे!”

“मलाही डोळे आहेत.”

तिनं माझ्या टोपलीतला एक मासा उचलला, उभा चिरला, लोण्यात टाकला. तो तळून होईपर्यंत बाहेर त्सातुर दोनदा “काय झालं, तब्येत बरी नाही का?” म्हणाला. मग ती स्वतः मासा घेऊन गेली. मुशेघपुढचं मटणाचं ताट उचललं आणि मासा ठेवला.

टेबलावरचे काटे थांबले. शहरातली म्हणे! त्यांतला प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या खेड्यातच जन्मलेला होता. सगळ्यांना बिनमसाल्याचं मटण आणि एकट्या भावाला मासा, याचा अर्थ त्यांना सांगावा लागला नाही. सगळ्यांची ताटं निम्मी झाली होती.

नाटकं लिहिणाऱ्या एक म्हाताऱ्या बाई होत्या. त्या खाली बघत हळूच म्हणाल्या, “रुजू होवो.” नवसाचं खाणाऱ्यानं हेच म्हणायचं असतं. काटे पुन्हा चालू लागले. त्सातुर मात्र बराच वेळ ताटाकडे बघत होता. मग त्यानं लवाशचा, आमच्या पातळ रोटीचा, तुकडा तोडला, ताट पुसून घेतलं आणि हाड बाजूला ठेवलं.

जेवणानंतर तो स्वयंपाकघराच्या दारात आला. हेरिकनाझनं हात पुसले नाहीत, ओलेच पुढं धरून उभी राहिली.

“उरलंय का?”

“आहे थोडं.”

“बांधून दे. घरी आई आहे माझी. नव्वदीची.”

ती जागची हलेना. मला कळत होतं ती का हलत नाही. आईसाठी मागतोय की वर नेऊन दाखवायला? पोटात गेलेल्या मटणाचा पुरावा राहत नाही. बांधून दिलेल्याचा राहतो.

“द्यायचं नसेल तर राहू दे,” तो म्हणाला.

“नवसाचं मागणाऱ्याला नाही म्हणता येत नाही,” ती म्हणाली. “हे ठाऊक असूनच मागताय तुम्ही.”

त्यानं मान हलवली. हो की नाही, ते समजलं नाही. तिनं लवाशमध्ये मटण गुंडाळलं, चांगला तुकडा बघून. त्यानं ते कातडी पिशवीत कागदांवर ठेवलं आणि गाडीत बसला.

त्यानंतरचे दिवस हेरिकनाझनं कसे काढले ते मी पाहिलंय. गाडीचा आवाज आला की ती पळी खाली ठेवायची. मुशेघ तिला म्हणायचा, “ताई, आणखी कुठं नेणार आहेत मला? सगळं बघून आलोय.” ती म्हणायची, “तू आलायस बघून. मी नाही.”

एका दुपारी विश्रांतिगृहाचा व्यवस्थापक फोन ठेवून ओरडतच आला, “हेरिकनाझ! घेतलं! मुशेघला संघात परत घेतलं, एकमतानं!”

ती बटाट्यांच्या पोत्यावर बसली. मला वाटलं रडेल.

“फोनवर कोण होतं? त्सातुर?”

“त्याच्या कचेरीतून होता.”

“आईनं खाल्लं का, काही बोलले?”

व्यवस्थापकाला काही कळेना. “कुणाच्या आईनं?”

ती उठली, चुलीवरचं झाकण सरकवलं, मीठ चाखलं. मुशेघचं पुस्तक पुढं दोन वर्षांनी आलं. त्सातुर पुन्हा कधी आमच्या टेबलावर बसला नाही. त्या पिशवीतलं मटण म्हातारीच्या तोंडात गेलं की कागदांबरोबर कुठल्या कपाटात, हे तिला मरेपर्यंत समजलं नाही, आणि संघातल्या कुणाचीही गाडी फाटकाशी थांबली की ती पळी खाली ठेवतच राहिली.